रंगाची राखण

गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं, असं आमच्या नाशिक रोडमधल्या जेल रोडच्या सोसायटीत विचारलं तर कुणी ऊन म्हणेल, कुणी कबुतरं, कुणी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. माझ्या मते ते होतं रोज सकाळी सहा वाजता, कोरड्या फडक्याने. महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर गाड्या पुसणारा मुलगा एक बादली आणि एक फडकं घेऊन येतो. रात्रभर बसलेली धूळ टपावरून बोनेटवर, बोनेटवरून दारांवर ओढत नेतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. गाडी स्वच्छ दिसते. पण तीच गाडी उन्हात तिरकं उभं राहून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. काळ्या गाडीवर वर्षभरात, पांढरीवर थोड्या उशिरा, पण दिसतातच.

माझी उमेदीची वर्षं सातपूरच्या एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, तपासणीवर गेली. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ट्यूबलाइट लावलेला बोगदा असायचा. त्यातून रंगवलेली बॉडी सावकाश सरकायची आणि आम्ही हातमोजे घालून पत्र्यावरून हात फिरवत धुळीचा कण, ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत ‘ऑरेंज पील’ शोधायचो. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे डोळ्याच्या आधी हाताला कळतं. दुसरी म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो किती पातळ असतो. फॉस्फेटिंग झालेली बॉडी अख्खी टाकीत बुडवून विजेच्या जोरावर ईडी कोट बसवतात, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. त्यात क्लिअर कोट असतो ४० मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. झळाळी तिथेच असते आणि ऊन अडवणारी रसायनंही तिथेच.

फियाट, ॲम्बेसेडरच्या जमान्यात हे असं नव्हतं. रंगाचा थर एकच, वर क्लिअर कोट नाही. दिवाळीच्या आधी पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि मालकाच्या पोटात गोळा यायचा. आता रबिंग करताना फडक्याला रंग लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. जातो तो क्लिअर कोट, आणि तो बिनरंगाचा असल्यामुळे जाताना दिसत नाही. मशीनने एकदा जोरकस रबिंग केलं की दोन-तीन मायक्रॉन सहज उतरतात. दर सर्व्हिसिंगला ‘बॉडी पॉलिश’ घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

निवृत्तीनंतर हातांना काम हवं म्हणून मी रविवारी घरच्या गाडीवर रंग राखण्याचे प्रयोग सुरू केले. मग शेजाऱ्यांच्या, मग मेहुण्यांच्या, मग त्यांच्या मित्रांच्या गाड्या येऊ लागल्या. त्याच सुमारास बाजारात स्प्रे सिरॅमिक वॅक्सच्या बाटल्या दिसायला लागल्या. पाचशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत, फवारा आणि पुसा. स्टुडिओतल्या सिरॅमिक कोटिंगसाठी पंधरा-वीस हजार मोजणाऱ्या माणसाला ही बाटली खेळण्यासारखी वाटते आणि न मोजणाऱ्याला जादूची. ती यांपैकी काहीच नाही. बाटलीत बहुतांश पाणी असतं. त्यात सिलिकॉन जातीची पॉलिमर, सिलिकाचा थोडा अंश आणि काहींमध्ये ब्राझीलच्या कार्नाबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं मेण. स्टुडिओतलं कोटिंग रासायनिक रीतीने घट्ट होऊन पृष्ठभागाला धरून बसतं आणि काही वर्षं टिकतं. स्प्रेचा थर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आपल्याकडच्या उन्हात आणि धुण्यात तो दोन-तीन महिने तग धरतो, बाटलीवर काहीही छापलेलं असो. पण त्याचं काम वेगळं आहे. पृष्ठभाग असा करायचा की पाणी, धूळ, घाण त्याला घट्ट चिकटणार नाही. म्हणजे ती काढायला घासावं लागणार नाही. सगळा फायदा या ‘घासावं लागणार नाही’मध्ये आहे.

हे न कळल्यामुळे लोकांचे कसे अपेक्षाभंग होतात ते मी पाहिलंय. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी नवीन गाडी घेताना ‘नाइन एच’ कोटिंग करून घेतलं. महिन्याभरात दारावर किल्लीचा ओरखडा उमटला आणि ते बाटली-कोटिंग-सिरॅमिक या अख्ख्या जातीवरच भडकले. त्यांना घरात बसवून मी पेन्सिली दाखवल्या. नाइन एच ही मोजणी पेन्सिलीची आहे. आमच्या पेंट शॉपमध्ये नमुन्याच्या पत्र्यांवर हीच चाचणी व्हायची. एचबी, एच, टू एच अशा चढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात पत्र्यावरून ढकलायच्या आणि कोणती ओरखडा उठवते ते बघायचं. नाइन एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिल, बस. हिऱ्याच्या कडकपणाशी त्याचा काही संबंध नाही. रस्त्यावरच्या वाळूतली गारगोटी कुठल्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असते आणि किल्लीच्या टोकावर तर जोर एकवटलेला असतो. गृहस्थ शांत झाले, पण पैसे गेल्याचं दुःख पेन्सिलीने थोडंच भरून निघतं.

नाशिक रोडची हवा नाशिकची असली तरी इथली धूळ वेगळी आहे, असं मला नेहमी वाटतं. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला पुणे महामार्ग, मधूनमधून विटा-सिमेंटसाठी राख नेणारे ट्रक. दगडी कोळशाची राख हातात घेतली तर पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यातले कण मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाचे, काचेसारखे टणक. बाटलीत सिलिका आणि धुळीतही सिलिका. एक राखण करते, दुसरी ओरबाडते. कोरड्या फडक्याखाली ती राख आली की फडक्याचा पॉलिश पेपर होतो.

रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांचा प्रकार आणखी निराळा. सिन्नर फाट्याकडच्या एका ओळखीच्यांची गाडी दोन वर्षांतच ‘गंजली’ म्हणून माझ्याकडे आली. बोनेटवर, टपावर सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके. पत्रा अजिबात गंजलेला नव्हता. चाकं आणि रूळ घासून हवेत उडालेले लोखंडाचे कण क्लिअर कोटवर येऊन बसतात आणि ते स्वतः गंजतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण मिळतं. ते मारलं की पाच मिनिटांत प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा ओघळ सुटतो. गंधकाच्या संयुगाची लोखंडाशी प्रक्रिया झाली की हा रंग येतो, आणि वास असा की खालच्या मजल्यावरच्या खिडक्या लागतात. गाडीचे मालक तो जांभळा ओघळ बघून घाबरलेच. त्यांना वाटलं रंग उतरला. धुतल्यावर बोनेट पुन्हा पांढरंशुभ्र झालं तेव्हा कुठे चहा घेतला. उरलंसुरलं क्ले बारने निघालं. चिकणमातीच्या वडीसारखा हा गोळा असतो. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून तो हलक्या हाताने सरकवायचा. चिकटलेले कण तो उचलतो. जमिनीवर पडला की मात्र टाकून द्यायचा, कितीही महाग असो. त्याला लागलेली एक बारीक खडी बोनेटचं वाटोळं करते.

धुळीइतकाच गुणकारी, म्हणजे अवगुणकारी, आहे बोअरचा नळ. स्प्रे वॅक्स मारलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि लोक त्याचे फोटो काढतात. पावसाळ्यात हे ठीक आहे, पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. पण एप्रिलच्या उन्हात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि ते टपोरे थेंब तसेच वाळू दिले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी चुन्याचं पांढरं वर्तुळ उरतं. थेंब जितका सुबक, वर्तुळ तितकं ठसठशीत. लवकर काढलं तर अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर यात भिजवलेल्या फडक्याने जातं. उन्हात भाजून निघालं की क्लिअर कोटमध्येच खड्डा पाडतं. म्हणून माझा आग्रह असतो की धुवायचं सावलीत आणि पुसायचं लगेच. पाणी शक्यतो महापालिकेच्या नळाचं, सगळं जमत नसेल तर निदान शेवटची बादली तरी त्याची.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या गाडीने मला नवं काहीतरी दाखवलं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात. गाडी बागेच्या कडेला उभी, आणि ब्लोअरचा तुषार वाऱ्याने तिच्यावर. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण वाळलं की निळसर पापुद्रा धरतं. त्यांच्या आधीच्या गाडीचा एका बाजूचा रंग याच पापुद्र्याला तारेच्या घासणीने काढताना गेला होता. नव्या गाडीला मी हंगामाआधी स्प्रे मारून दिला आणि सांगितलं, घासू नका, शाम्पूच्या पाण्यात भिजवून ठेवा. फेब्रुवारीत ते स्वतः सांगायला आले की भिजलेला पापुद्रा स्पंजने निघतो. येताना द्राक्षांचा क्रेट आणला होता. या धंद्यातली माझी कमाई ही अशीच, द्राक्षं, हुरडा, एकदा देवगडचा आंबा.

दसऱ्याच्या तोंडावर खंडेनवमीची पूजा झाली की आमच्या पार्किंगमधली प्रत्येक गाडी हळदी-कुंकवाने माखलेली असते. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, बंपरवर नारळाचं पाणी, झेंडूच्या माळेची तार आरशाला गुंडाळलेली. ते स्वस्तिक लगेच पुसायला कुणी धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आठवडाभर ऊन खाल्लेल्या कुंकवाचा रंग क्लिअर कोटमध्ये उतरतो, पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली राहते. ज्यांच्या गाड्यांवर पूजेच्या आधी स्प्रे मारलेला असतो त्यांचं कुंकू नुसत्या पाण्याच्या धारेने वाहून जातं. आमच्या घरात हा प्रश्न काचेवर स्वस्तिक काढून सुटला. काचेला कुंकवाने काहीच होत नाही. माळेची तार मात्र अजून कुणाला दाद देत नाही, दरवर्षी आरशाभोवती नवी रेघ.

काम कसं करतो ते लोक विचारतात. खरं सांगायचं तर स्प्रेचं काम शेवटच्या पंधरा मिनिटांचं असतं. आधी वरून खाली नुसतं पाणी, भरपूर. मग शाम्पू. भांड्यांचा साबण नाही, तो आधीचं मेणही धुऊन नेतो. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. धुवायचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी काळी वाळू साठते ती एकदा बघितली की कुणाला पटवावं लागत नाही. गाडी पुसून कोरडी झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून फिरवायची. कारखान्यातला हातमोजा इथे पिशवी झाला, एवढाच फरक. पिशवीतून बारीक खरखरही मोठी होऊन लागते. खरखर असेल तर क्ले, नसेल तर पुढे.

मग बोनेटला हात लावून बघायचं. गार हवं. तापलेल्या पत्र्यावर स्प्रे पडला की पाणी उडून जातं आणि डाग बसतो. बाटली हलवून दोन फवारे फडक्यावर, एक पत्र्यावर. एवढंच. लोक बाटली अर्धी रिकामी करतात आणि मग तेलकट पट्टे घेऊन माझ्याकडे येतात. अर्धं बोनेट आडवं पुसायचं, मग उभं, म्हणजे जागा सुटत नाही. फडक्याची घडी उलटून कोरड्या बाजूने हलकेच फिरवायचं. या दुसऱ्या फिरवण्याला फडकं आधी जरा अडतं आणि एका क्षणी एकदम घसरायला लागतं. तो फरक बोटांना कळला की तो भाग झाला. पावसाळी हवेत हा क्षण उशिरा येतो, मे महिन्यात घाई करावी लागते. पुढच्या काचेवर मी हे मारत नाही. वायपर कुरकुरतो आणि रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश पसरतो. ब्रेकच्या डिस्कवर तर थेंबही उडता कामा नये. मॅट रंगाच्या गाडीला वेगळी बाटली मिळते, साधी मारली तर मॅटवर चकचकीत ठिपके पडतात.

नाशिक रोडला शेजारी प्रेसमधला नसेल असं होत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून इथे आहे, त्यामागोमाग नोटांचा छापखाना आला. तपासणीत आयुष्य काढलेले एक निवृत्त प्रेसवाले आमच्याकडे राहतात. मी गाडी झाली म्हणून हात पुसायला लागलो की ते टॉर्च घेऊन येतात. टॉर्च तिरकी धरून बोनेटभर सावकाश फिरवतात आणि ‘इथं राहिलंय’ म्हणून बोट ठेवतात, नेमकं तिथेच. स्प्रेचा जाडसर राहिलेला पट्टा सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्यात दिसतो. त्यांच्या या सवयीमुळे माझं काम वाढलं, पण कारखान्यातल्या ट्यूबलाइटच्या बोगद्याची उणीव त्यांनी भरून काढली.

रेल्वे स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांची पद्धत मी जाता-येता बघतो. फडक्याला जरा रॉकेल किंवा डिझेल, आणि गाडीवरून एक हात. शिर्डीचं किंवा त्र्यंबकचं गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी आरशासारखी. दुपारपर्यंत त्या तेलकटपणावर सगळी धूळ बसलेली असते, पण तोवर भाडं लागलेलं असतं. त्यांच्या गणितात ते चुकत नाहीत. गाडी रोज पोटासाठी पळते, तिचा क्लिअर कोट दहा वर्षांनी कसा दिसेल याची चिंता त्यांनी का करावी? घरची गाडी मात्र आठवड्यातून दोनदा बिटको चौकापर्यंत जाऊन येते आणि बाकी दिवस उभी राहून रंग घालवते. उभ्या गाडीवर वटवाघळं उंबर खाऊन जे टाकतात ते एका उन्हात क्लिअर कोटमध्ये शिरतं. स्प्रेने ते अडत नाही. संध्याकाळपर्यंतची सवलत मिळते, इतकंच.

फडकंवाल्या मुलाला मी दोन बादल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने मला गप्प केलं. ‘काका, सहा ते नऊमध्ये वीस गाड्या आहेत. दोन-दोन बादल्या करत बसलो तर साहेब लोक मळकी गाडी घेऊन जातील आणि महिन्याचे पैसे कापतील.’ त्याचं बरोबर होतं. रोज पुसायला सांगणारे आपणच. मग मी मालकांशी बोललो. रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, आणि बॉडीला तीन दिवसांतून एकदा, तेही पाणी मारून. अर्धे लोक म्हणाले, मग पैसे रोजचे कशाला द्यायचे? उरलेल्यांच्या गाड्यांवर मी स्प्रे मारून दिला. महिन्याभरात तो मुलगाच म्हणाला की या गाड्यांची धूळ पाण्यासोबत खाली येते, फडकं घासावं लागत नाही, वेळ वाचतो. त्याच्या दृष्टीने चमक-बिमक काही नव्हती, गाडीमागे वाचलेली चार मिनिटं होती. या बाटलीबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात खरं मत तेच.

त्याच्याकडूनच मला आणखी एक गोष्ट कळली. एका गाडीवर थेंब उभे राहायचे बंद झाले, तेव्हा मी वॅक्स संपलं असं धरून चाललो होतो. त्याने तीच गाडी शाम्पूने नीट धुतली आणि थेंब परत उभे राहिले. वर धुळीचा-तेलाचा पापुद्रा चढला की खालचं वॅक्स झाकलं जातं. तेव्हापासून पुन्हा मारण्याआधी मी शाम्पू करून पाहतो. निम्म्या वेळा बाटली काढावीच लागत नाही.

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीने सध्या शहरभर रस्ते उकरलेले आहेत, डांबराचे ठिपके घेऊन गाड्या येतात. डांबरावर नख लावायचं नाही. टार रिमूव्हर किंवा पेट्रोलचा ओलसर बोळा मिनिटभर ठेवायचा, मग ते आपोआप सुटतं. त्या जागेवरचं वॅक्सही सुटतं, म्हणून तिथे पुन्हा एक फवारा. नवख्यांनी अडीचशे मिलीची लहान बाटली घ्यावी, एका गाडीला वीस-पंचवीस मिली पुरतात. पैसे वाचले तर चांगल्या फडक्यांना घालावेत. मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांत मशीनला टाकायची नाहीत, सुती धागे त्यांना चिकटतात, आणि फॅब्रिक कंडिशनर तर नाहीच, पाणी शोषायचं थांबतं. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळी बादली आहे. तिच्यात एकदा साबुदाणा भिजत घातला गेला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली.

तो मुलगा आता स्वतःची बाटली बाळगतो आणि स्प्रेचे गाडीमागे दीडशे रुपये वेगळे घेतो. शेजारच्या दोन सोसायट्यांमधूनही त्याला बोलावणं असतं. मध्यंतरी त्याने मला विचारलं, ‘काका, जांभळं पाणी येतं ते औषध कुठे मिळतं?’ मी दुकान सांगितलं. आता रविवारी माझ्याकडे एकच गाडी असते, माझी, आणि टॉर्चवाले शेजारी.